दुपारी बाराला सावली सर्वांत लहान नसते

चौथीच्या वर्गात विचारा, “दिवसात सावली सर्वांत लहान कधी असते?” अख्खा वर्ग एका सुरात सांगेल, दुपारी बारा वाजता. आता त्याच लेकरांच्या हाती काठी, टेप आणि घड्याळ देऊन त्यांना अंगणात पाठवा. लातूर जिल्ह्यातल्या शाळेत डिसेंबरच्या मध्यात सर्वांत लहान सावली १२ वाजून २० मिनिटांच्या आसपास मिळते. छत्रपती संभाजीनगरला फेब्रुवारीच्या मध्यात ती वेळ पावणेएकच्या जवळ जाते. तरीही वह्या तपासल्या की बऱ्याच गटांनी ‘१२ वाजता’ असंच लिहिलेलं सापडतं. मापलेला आकडा खोडरबरानं पुसलेला असतो आणि त्याच्या जागी पाठ असलेलं उत्तर बसलेलं असतं.

प्राथमिक शाळेतल्या विज्ञानाचं मूळ दुखणं मला इथे दिसतं. साहित्य नाही, प्रयोगशाळा नाही, दोन शिक्षकांवर चार वर्ग आहेत, हे सगळं खरं आहे. पण साहित्य मिळूनही लेकरू आपल्या मापापेक्षा गुरुजींच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर ठरवत असेल, तर ते साहित्य वाया गेलं. शोध घेत शिकायचं तर एवढी एक गोष्ट आधी सांभाळावी लागते: जे मापलं ते वहीत राहिलं पाहिजे, मग ते जुळो न जुळो.

पेल्यात काठोकाठ पाणी भरायचं, वर पुठ्ठा ठेवायचा, पेला उलटा करायचा, पाणी पडत नाही, टाळ्या. हा प्रयोग चांगला आहे, दाखवायलाच हवा. पण तो दाखवण्याचा प्रयोग आहे, त्याचं उत्तर सुरुवातीलाच ठरलेलं असतं. शोध तेव्हा सुरू होतो जेव्हा प्रश्नाचं उत्तर वर्गात कुणालाच ठाऊक नसतं, शक्यतो शिक्षकालाही नसतं, आणि ते मापून काढता येतं. असे प्रश्न मराठवाड्याच्या कुठल्याही गावात शाळेच्या भिंतीला लागून पडलेले आहेत. खाली त्यातले काही, कृतीसकट आणि कुठे फसतं त्यासकट दिले आहेत.

सावलीची काठी

काठी ५० सेंटिमीटर उंचीची घ्या. जास्त उंच काठीचा मोह होतो, कारण सावली मोठी दिसते. पण सूर्य हा ठिपका नाही, आकाशात अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे टोक जमिनीपासून जितकं लांब, तितकी सावलीची कड धूसर होते. ध्वजस्तंभाच्या सावलीचं टोक तर लेकरांना सापडतच नाही, दोघं जण वीतभर अंतरावर दोन खुणा करतात आणि दोघंही बरोबर असतात. ५० सेंटिमीटरच्या काठीला साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर धूसरपणा राहतो. टोकाला एक मणी बसवला तर सावलीत गोल ठिपका दिसतो आणि त्याचा मध्य धरता येतो.

पत्र्याच्या डब्यात मुरूम ठासून काठी उभी करा. ती सरळ आहे का हे डोळ्यांनी ठरवू नका, दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा आणि दोन बाजूंनी बघा. वरच्या मापात डब्यासकट उंची धरायची, म्हणजे जमिनीपासून मण्यापर्यंत ५० सेंटिमीटर. डबा हलला तर सगळं गेलं, म्हणून त्याच्याभोवती खडूनं रेघ ओढून ठेवा. मधल्या सुट्टीत तो हलणारच. दुसरी अडचण जमिनीची. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून शाळेच्या अंगणाला उतार दिलेला असतो. सायकलचा छर्रा ठेवून बघा, गडगडला तर जागा बदला किंवा जुना फळा आडवा टाकून त्याच्याखाली चिपा लावा.

आता खरी गोम. लेकरांना दर दहा मिनिटांनी सावली मापायला लावली की १२ ते १२:४० या वेळात त्यांना जवळपास एकच आकडा मिळतो. डिसेंबरात लातूरला ५० सेंटिमीटरच्या काठीची भर माध्यान्हीची सावली साधारण ४४ सेंटिमीटर असते आणि त्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी ती जेमतेम अर्धा सेंटिमीटर मोठी असते. सावलीचा धूसरपणा तेवढाच आहे. म्हणजे या पद्धतीनं सर्वांत लहान सावलीची वेळ पकडताच येत नाही. मग लेकरं ‘१२’ लिहितात आणि त्यात त्यांचा फारसा दोष नाही.

यावर जुना आणि पक्का उपाय आहे. सकाळी साडेदहाला सावलीच्या टोकाशी खूण करा. काठीच्या बुडाशी दोरी धरून त्या खुणेतून वर्तुळ काढा. दुपारी सावली पुन्हा वाढत जाते आणि एका क्षणी तिचं टोक त्याच वर्तुळाला टेकतं. ती वेळ नोंदवा. सकाळी साडेदहाच्या सुमारास सावलीची लांबी दर चार मिनिटांना साधारण एक सेंटिमीटरनं बदलत असते, म्हणून ही खूण दोन-तीन मिनिटांच्या चुकीतच पकडता येते. समजा दुपारची वेळ २:१० आली. साडेदहा ते दोन-दहा म्हणजे २२० मिनिटं, निम्मी ११०. साडेदहात ११० मिनिटं मिळवली की १२:२०. चौथीच्या लेकरांना हे गणित जमतं. शिवाय सकाळची आणि दुपारची खूण जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम दाखवते. होकायंत्र न वापरता दिशा मिळाली.

पाच गट पाच काठ्या घेऊन बसले की पाच वेळा येतात: १२:१७, १२:२०, १२:२२, १२:१९ आणि एखाद्याची १२:४१. हा शेवटचा आकडा फार मोलाचा आहे. तो खोडू नका आणि “तुमचं चुकलं” असंही म्हणू नका. त्या गटाला म्हणा, “चला, तुमची काठी बघू.” बहुतेक वेळा काठी एका बाजूला कललेली निघते, किंवा डबा हललेला असतो, किंवा दुपारी टेकण्याच्या वेळी गट पाणी प्यायला गेलेला असतो. कारण सापडलं की ते आकड्याशेजारी लिहायचं, आकडा तसाच ठेवायचा. आणि बाकीचे चार आकडे बारावर का नाहीत, हा प्रश्न आता सगळ्या वर्गाचा झाला.

इथे शिक्षकानं सांगायची वेळ येते, आणि सांगावंच. आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर चालतात. ती रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात. लातूर ७६.५ अंशांवर आहे, म्हणजे सहा अंश मागे, म्हणजे २४ मिनिटं उशिरा. नांदेडला हा उशीर साधारण २१ मिनिटं, संभाजीनगरला २९. यात वर्षभर थोडी कमी-जास्त भर पडते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे १६ मिनिटं वजा आणि फेब्रुवारीच्या मध्यात सुमारे १४ मिनिटं अधिक. त्याचं कारण पृथ्वीची लंबवर्तुळाकार कक्षा आणि कललेला आस. चौथीला ते सांगायची गरज नाही, पण नोव्हेंबरात आणि फेब्रुवारीत दोनदा मापलं तर अर्ध्या तासाचा फरक लेकरांना स्वतः दिसतो. तो त्यांनी मापलेला असतो, म्हणून विसरत नाहीत.

जूनमध्ये आभाळ उघडं मिळालं तर एकदा दुपारी बघाच. डिसेंबरात उत्तरेला पडणारी दुपारची सावली जूनमध्ये दक्षिणेला पडते, आणि २१ जूनच्या सुमारास लातूरला ती अवघी चार-साडेचार सेंटिमीटर असते. कारण मेच्या मध्यापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन काठीची सावली बुडाशीच नाहीशी होते तो दिवस, लातूर-धाराशिवकडे मेच्या मध्यात आणि संभाजीनगरकडे २० मेच्या आसपास येतो. तेव्हा सुट्ट्या असतात, पण ज्यांनी वर्षभर मापलंय ती लेकरं घरच्या अंगणात काठी रोवतात. सूर्याकडे थेट पाहायचं नाही, एवढी ताकीद प्रत्येक वेळी द्या.

सोयाबीनची उगवण

आपल्याकडे घरचं बियाणं पेरणारं घर प्रत्येक वर्गात सापडतं. ते उगवेल का, हा प्रश्न लेकरांच्या घरात मे-जूनमध्ये खरोखर विचारला जातो. कृषी विभाग शेतकऱ्यांना जी गोणपाटाची चाचणी करायला सांगतो, तीच शाळेत जशीच्या तशी करता येते.

पोत्याच्या वरच्या, मधल्या आणि तळाच्या भागातून एकेक मूठ बी घ्या आणि मिसळा. त्यातून १०० दाणे मोजायचे. फसतं ते इथे: लेकरं टपोरे, गोल दाणे वेचतात. त्यांना ते प्रामाणिकपणाचंच वाटतं, बियाणं म्हणजे चांगलं ते निवडायचं हे घरी पाहिलेलं असतं. म्हणून सांगा, “डोळे मिटून उचला, फुटका आला तरी ठेवा.” पोत्यात जे आहे तेच गोणपाटावर आलं पाहिजे, नाहीतर आकडा पोत्याचा राहत नाही.

गोणपाट भिजवून पिळून घ्या. पाणी ठिबकत असेल तर अजून पिळा. दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, दोन दाण्यांत दोन-तीन सेंटिमीटर अंतर. वरून दुसरा ओला तुकडा, मग सैल गुंडाळी करून दोन ठिकाणी सुतळी. सावलीत ठेवायची, सकाळ-संध्याकाळ शिंपडायचं. पाचव्या दिवशी एकदा उघडून मोजा आणि आठव्या दिवशी शेवटचं मोजा.

काय मोजायचं हे आधी ठरवून फळ्यावर चित्र काढा. मूळ आणि कोंब दोन्ही निरोगी असतील तोच उगवला. फक्त फुगलेला, नुसतंच मूळ आलेला, बुरशी धरलेला, दल तुटलेला, हे वेगळे. हे ठरवलं नाही तर एक गट फुगलेलेही उगवलेल्यात धरतो आणि दुसरा धरत नाही, मग दोन गटांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवायलाच अर्थ उरत नाही.

समजा एकाच पोत्यातल्या बियाण्याचे पाच गटांचे आकडे ६८, ७४, ७१, ७९, ६६ आले. लेकरं म्हणतील, “सर, कुणाचं बरोबर?” सगळ्यांचं बरोबर असू शकतं. बियाण्याची खरी उगवण ७० टक्के असली तरी शंभर दाण्यांच्या एकेका चाचणीत साठीपासून ऐंशीपर्यंत आकडे नुसत्या योगायोगानं येतात. म्हणूनच बीज परीक्षण प्रयोगशाळेत शंभर-शंभरचे चार संच लावतात. पाचही गटांची बेरीज करा: ५०० पैकी ३५८. हा आकडा एकेकट्या आकड्यापेक्षा भरवशाचा. सरासरी, टक्केवारी हे शब्द न वापरताही चौथीच्या लेकराला हे पटतं, कारण आपला आकडा त्या बेरजेत गेलाय हे त्याला दिसतं. एखाद्या गटाचा ४१ आला तर मात्र तो योगायोग नाही. त्यांची गुंडाळी बघा, वास घ्या. बहुधा पाणी जास्त झालेलं असतं. सोयाबीनचं बी पाणी भराभर शोषतं, हवा मिळाली नाही की कुजतं. एप्रिलच्या उन्हात उलटं होतं, दुपारीच गोणपाट कडक होतं आणि कोंब वाळतात. तेव्हा दिवसातून तीनदा शिंपडा, किंवा गुंडाळी माठाच्या बुडाशी ठेवा.

सोयाबीनसाठी उगवणीचं किमान प्रमाण ७० टक्के धरतात आणि एकरी ३० किलो बियाणं हे त्याच हिशोबानं सांगितलेलं असतं. आकडा कमी आला तर बियाणं वाढवावं लागतं. लेकरानं घरी जाऊन नुसतं “आपलं बी खराब हाय” असं सांगू नये. किती दाणे घेतले, किती उगवले, पाणी कसं दिलं, एवढं सांगावं. मोठी माणसं ते ऐकतात.

इथून पुढचा प्रश्न वर्गच काढतो: पोतं आपटलं तर फरक पडतो का? सोयाबीनचं टरफल पातळ आणि कोंब त्याच्या लगेच खाली असतो, त्यामुळे उत्तर मिळण्यासारखं आहे. शंभर दाणे दोन मीटर उंचीवरून फरशीवर पाच वेळा टाकायचे, शंभर तसेच ठेवायचे, बाकी सगळं सारखं. “बाकी सगळं सारखं” या तीन शब्दांत जेवढं विज्ञान आहे, तेवढं एका धड्यात मावत नाही.

एक धोका मात्र कडक सांभाळा. दुकानातून आणलेलं गुलाबी, हिरवं, निळं दिसणारं बियाणं औषध लावलेलं असतं. ते लेकरांच्या हातात द्यायचं नाही. घरचं, न रंगवलेलं बीच वापरा आणि हात धुवायला लावा.

माळवदावर काळी का टाकत नाहीत

जुन्या माळवदी, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांवर पांढरी माती टाकतात. गावाभोवती काळ्या मातीचं रान पसरलेलं असताना पांढरीच का? आजोबांना विचारायला सांगा, दहा उत्तरं येतील. मग तपासा.

प्लॅस्टिकच्या जुन्या डब्यांना तळाला दाभणानं वीसेक भोकं पाडा, आत सुती कापड अंथरा. काळी, पांढरी आणि बारीक मुरूम, तिन्ही वाळवून, ढेकळं फोडून, एकाच चाळणीतून काढा. ढेकळं राहिली तर पाणी मधल्या फटींतून पळतं आणि मातीचा काहीच पत्ता लागत नाही. पाणी घालून कालवा, तीन सेंटिमीटरचा थर दाबून बसवा आणि दोन-तीन दिवस उन्हात वाळवा. मग औषधाच्या बाटलीच्या टोपणानं मापून १०० मिलिलिटर पाणी हळूहळू घाला. खाली पहिला थेंब कधी आला आणि दहा मिनिटांत किती पाणी जमलं, हे लिहा.

काळी वाळली की भेगाळते, डब्याच्या कडेपासूनही सुटते. पहिलं पाणी या फटींतून झरझर खाली येतं आणि लेकरं लिहितात, “काळ्या मातीत पाणी टिकत नाही.” रानात ती याच्या उलट ऐकत आलेली असतात, त्यामुळे वर्गात भांडण लागतं. लागू द्या. तासाभरानं त्याच डब्यात पुन्हा १०० मिलिलिटर घाला. आता माती फुगून भेगा मिटलेल्या असतात आणि पाणी वर तळ्यासारखं साचतं. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत, माती मधल्या तासात बदलली. पहिल्या पावसाचं पाणी काळ्या रानात कुठे जातं आणि झडीनंतर तेच रान चिबड का होतं, हे दोन्ही त्या डब्यात दिसतं. पांढरीचं काय होईल हे मी इथे लिहीत नाही, ती गावागणिक वेगळी असते. तुमच्या गावची मापा.

माठ, आणि बोअरचं पाणी

माठातलं पाणी गार का? बहुतेक लेकरं म्हणतात, माती थंड असते म्हणून. हे चूक आहे असं सांगू नका, ते तपासता येतं. सारख्या मापाची दोन बोळकी आणि तेवढाच एक स्टीलचा पेला घ्या. एक बोळकं तसंच, दुसऱ्याला बाहेरून तेलकट रंगाचे दोन हात. कोरं बोळकं रात्रभर पाण्यात भिजवा, नाहीतर तेच पाणी पिऊन टाकतं. प्रत्येकात २०० मिलिलिटर पाणी, वारा लागेल अशा सावलीत, दर अर्ध्या तासाला तापमान. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत साधं बोळकं चांगलंच गार होतं, रंगवलेलं होत नाही. मातीच जर थंड करत असती तर रंगवलेलंही झालं असतं. मग स्टीलच्या पेल्याला ओलं फडकं गुंडाळून बघा. जुलैच्या दमट हवेत हेच सगळं पुन्हा केलं की फरक कमी पडतो, आणि पाणी उडून जाण्याशी याचा संबंध आहे हे लेकरांच्या तोंडून येतं.

तापमापी प्रयोगशाळेची, लाल द्रवाची आणा. तापाची चालत नाही, तिची पट्टी शरीराच्या तापमानापुरतीच असते. वाचताना लेकरं ती पाण्याबाहेर काढतात, त्यामुळे आकडा लगेच बदलतो. फुगा पाण्यात ठेवूनच, डोळ्यांच्या रेषेत वाचायचं.

जुना माठ नीट गार करत नाही, हेही घरोघर माहीत असतं. बोअरच्या जड पाण्यातले क्षार छिद्रांत बसतात. पाणी किती जड, हे साबणानं मापता येतं: ५० मिलिलिटर पाणी बाटलीत, साबणाच्या द्रावणाचा एकेक मिलिलिटर घालत दर वेळी दहा हिसके, फेस मिनिटभर टिकला की थांबायचं. पावसाचं, टँकरचं, बोअरचं आणि विहिरीचं पाणी शेजारी ठेवा. अंगाचा साबण किसून वापरा. कपड्याची पावडर जड पाण्यातही फेस देते, मग सगळ्या बाटल्या सारख्याच दिसतात.

वर्गात हे बसवायचं कसं

अंदाज आधी, आणि चिठ्ठीवर. तोंडी विचारलं की पहिल्या बाकावरच्या लेकरामागे सगळे जातात. चिठ्ठीवर लिहिलेला अंदाज आपला असतो आणि तो खरा-खोटा ठरण्याची ओढ लागते.

लिहायला पेन द्या, पेन्सिल नको. खोडायचं झालं तर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. खोडरबर त्या तासापुरता गोळा करून ठेवा. वहीत चार रकाने पुरतात: काय वाटलं, काय केलं, काय दिसलं, आता काय विचारायचं. शेवटचा रकाना पहिले काही आठवडे कोरा राहतो. राहू द्या, भरायची सक्ती केली की लेकरं धड्याखालचे प्रश्न उतरवतात.

“का?” हा प्रश्न घाईनं विचारू नका. “सावली लहान का झाली?” म्हटलं की लेकरू पाठ केलेलं शोधायला लागतं. “किती झाली? मघाशी किती होती? काठी निम्मी केली तर?” असे प्रश्न विचारले की ते अंगणाकडे बघतं. विचारून झाल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प बसणारी लेकरंही बोलतात.

गट पाचाचा. मापणारा, लिहिणारा, वेळ बघणारा, सामान सांभाळणारा आणि शंका घेणारा. पाचव्याचं काम एकच, “पुन्हा मापा” म्हणायचं. कामं दर वेळी फिरवा, नाहीतर पोरी वर्षभर लिहीत राहतात आणि पोरं मापत राहतात. हे लक्ष ठेवूनही होतं, म्हणून भिंतीवर तक्ता लावा. बहुवर्ग शाळेत पहिली-दुसरीचे दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडतात, तिसरी-चौथीचे मापतात, पाचवीचे बेरीज आणि निम्मं काढतात. एका तासिकेत यातलं काहीच संपत नाही. नोंदी परिपाठाच्या आधी, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना घ्यायच्या, आणि तासिका फक्त बोलण्यासाठी ठेवायची.

सगळं लेकरांनीच शोधून काढावं ही अपेक्षा मात्र चुकीची आहे आणि या पद्धतीचं नुकसान तिनंच जास्त केलंय. रेखांश म्हणजे काय, बुरशी हा सजीव आहे, पृथ्वी स्वतःभोवती फिरते, हे काठी रोवून समजत नाही. ते सांगावं लागतं, स्पष्ट आणि नीट. फक्त ते माप घेऊन झाल्यावर सांगा.

परीक्षेचंही बोलायला हवं. मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. त्यांनी परीक्षाच बदलली होती: पुस्तक उघडं ठेवून लेखी आणि सोबत प्रात्यक्षिक. घोकलेल्या उत्तराला गुण असतील तर लेकरू शहाणपणानं घोकतंच. आपल्याकडे आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकवता-शिकवता वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, ‘प्रात्यक्षिक/प्रयोग’ आणि ‘उपक्रम/कृती’ ही साधनतंत्रं आहेतच. तिथे गुण देताना उत्तर पुस्तकाशी जुळलं का हे बघू नका. तीन गोष्टी बघा: नोंद खरी आहे का, पुन्हा मापलं का, आणि आकडा वेगळा आला तर कारण शोधलं का. १२:४१ लिहून शेजारी ‘काठी कलली होती’ असं लिहिणाऱ्या गटाला पूर्ण गुण.

वर्षाचा क्रम असा जमतो: जूनमध्ये उगवण आणि दक्षिणेची सावली, जुलैत माठ एकदा आणि पावसाचं पाणी भरून ठेवणं, दिवाळीनंतर काठीची पहिली नोंद, डिसेंबरात दुसरी, जानेवारीत मातीचे डबे, फेब्रुवारीत काठी तिसऱ्यांदा, मार्चमध्ये माठ पुन्हा, एप्रिलमध्ये साबणाचं पाणी आणि घरच्या बियाण्याची चाचणी. सगळे आकडे एका जाड रजिस्टरात उतरवून ते शाळेच्या कपाटात ठेवा. तारीख, काठीची उंची, डबा ठेवला ती जागा, तापमापी कुठली, बी कुणाच्या पोत्यातलं, हे प्रत्येक नोंदीत हवं. यातलं एकही राहिलं तर पुढच्या वर्षीच्या चौथीला आपले आकडे त्याच्याशी ताडून बघता येणार नाहीत.